नानांचा कर्नल आणि मी केलेली मांडणी

धुळ्यातल्या आमच्या छोट्या कारखान्यात ठिबक सिंचनाचे कंट्रोलर बनतात. केळीच्या नाहीतर कपाशीच्या शेतात खांबाला डब्यासारखी एक पेटी लावलेली असते. ती ठरल्या वेळी व्हॉल्व्ह उघडते, बंद करते, मोटर चालू करते आणि मालकाच्या मोबाईलवर निरोप पाठवते. त्या पेटीच्या आत एक लहानसा कर्नल चालतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कोणत्या कामाला कधी वेळ द्यायचा, कोणाला किती मेमरी द्यायची, बाहेरून इशारा आला तर हातातलं सोडून कोणी धावायचं, हे सगळं तो ठरवतो. आमचा कर्नल आम्ही कुठून उचललेला नाही. तो नानांनी लिहिला. त्याच्या फायलींची आजची मांडणी मी केली. हे दुसरं वाक्य मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं, म्हणून आधीच लिहून टाकते.

नाना म्हणजे कारखान्याचे मालक. इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर, वयाने माझ्या वडिलांपेक्षा थोडे लहान. कामगार, गिऱ्हाईक, बँकेचा मॅनेजर, सगळे त्यांना नानाच म्हणतात. मी पुण्यात काही वर्षं नोकरी करून, नवऱ्याला इथल्या देवपूर भागातल्या कॉलेजात शिकवायची जागा मिळाली म्हणून धुळ्याला आले. माहेर चाळीसगावचं, त्यामुळे परकं असं काही वाटलं नाही. नानांनी मुलाखतीत दोन-तीन प्रश्न विचारले आणि मग एकदम म्हणाले, "चाळीसगावनी ना तू? मग अहिराणी समजस."

"समजस ना," मी म्हणाले, आणि नोकरी लागली.

पहिल्या दिवशी त्यांनी मला कर्नलचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, दाखवला. एकच फोल्डर. त्यात शे-दीडशे फायली, एकीखाली एक, आणि नावं बघून मी खुर्चीत सरळ बसले. रावेर. पारोळा. जामनेर. यावल. शिंदखेडा. नरडाणा. मला वाटलं, गिऱ्हाइकांचे पत्ते असतील. उघडून पाहिलं तर पारोळ्यात मेमरी वाटण्याचा कोड होता आणि जामनेरमध्ये सिरियल पोर्टचा, म्हणजे वायरीने कॉम्प्युटरशी बोलायच्या जागेचा.

"नाना, ही नावं?"

"जे जिथे सुचलं, ते तिथलं," ते म्हणाले. "पारोळ्याला एका कापसाच्या जिनिंगमध्ये मशीन बसवलं होतं. मेमरी संपून ते सारखं बंद पडायचं. तिथेच पोत्यांवर बसून मी ते लिहिलं. आता विसरणार कसा?"

ते खरंच विसरत नसत. कोणी म्हटलं की टायमरचा आकडा चुकतोय, की डोळे मिटून सांगायचे, "यावल. खाली जा. दुसरं फंक्शन." आणि तिथेच असायचं. कारखान्यात त्यांच्याखेरीज कोणालाच त्या फोल्डरमध्ये वाट सापडत नसे. तोवर तशी कोणाला गरजही पडली नव्हती.

गरज पडली ती चिपमुळे. आम्ही वापरत होतो ती प्रोसेसरची चिप बनवणंच परदेशातल्या कंपनीने थांबवलं. नवीन घ्यावी लागली ती वेगळ्या जातीची होती. तिच्या आतली रजिस्टरं, म्हणजे हातातले आकडे ठेवायचे कप्पे, वेगळी, इंटरप्ट, म्हणजे बाहेरचा इशारा, येण्याची तऱ्हा वेगळी, टायमरसुद्धा वेगळा. नानांनी सरळ उपाय केला. सगळा फोल्डर कॉपी केला, त्याला 'नवीन' नाव दिलं आणि त्यात लागेल तिथे बदल करत गेले. काही महिन्यांत नव्या चिपवर पेटी चालू लागली. एकट्या माणसाने एवढं करणं सोपं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

पण आता कोडची घरं दोन झाली होती. यावलकडच्या एका जुन्या पेटीत एक दोष निघाला. वेळ मोजणारा आकडा बरेच आठवडे चालून भरला की परत शून्यावर येतो, आणि त्याच क्षणी व्हॉल्व्ह उघडा असला तर तो बंद व्हायचं विसरतो. नानांनी तो दुरुस्त केला, जुन्या फोल्डरमध्ये. नव्यात राहून गेला. पुढे रावेरच्या एका केळीवाल्याचा सकाळी फोन आला, "नाना, पाणी बंदच होत नाही हो. बागेत चिखल झाला." त्याच्याकडे नवी पेटी होती. नाना स्वतः गाडी काढून गेले, संध्याकाळी परत आले आणि चप्पल दाराशी काढता काढता म्हणाले, "तेच निघालं. यावलवालंच."

त्या दिवशी मी विषय काढला. म्हटलं, आपण फोल्डरांचं एकच झाड ठेवू. जे दोन्ही चिपना सारखं आहे ते एकदाच लिहिलेलं असेल, जे वेगळं आहे तेवढंच वेगळ्या फोल्डरात. फायलींना कामाची नावं देऊ.

नानांनी माझ्याकडे बघितलं. "काबर वं पोरी? चाली राहिनं ना बठ्ठं?" सगळं चाललंय ना, मग कशाला, हा त्यांचा सवाल.

"आज राहिनं. उद्या तिसरी चिप आली तर तिसरी कॉपी करायची का?"

"मी शे ना."

"तुम्ही आहात म्हणून तर चाललंय, नाना. दुसऱ्या कोणाला सापडतच नाही."

"बठ्ठं मना डोकामा शे," ते कपाळावर बोट टेकवून म्हणाले, आणि बोलणं तिथे थांबलं. रागावले नव्हते. त्यांना खरोखरच यात काही अडचण दिसत नव्हती. पण मी घरी जाताना पांझरेच्या पुलावर स्कूटर चालवताना मनातल्या मनात फोल्डरच मांडत होते.

पुढे जे झालं ते कोणाला सांगून खरं वाटत नाही. नानांच्या डाव्या डोळ्याचा पडदा सरकला. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की काही आठवडे मान खाली घालून राहायचं. झोपायचं तेही पालथं. डोळ्यात गॅस भरला होता, तो पडद्याला दाबून धरण्यासाठी हे गरजेचं होतं. कॉम्प्युटरचा पडदा तर बघायचाच नाही.

नेमक्या त्याच वेळी जळगावच्या एका मोठ्या सिंचन कंपनीने आमच्या पेट्या घ्यायच्या की नाही हे ठरवण्यासाठी सोर्स बघायला मागितला. त्यांचे इंजिनिअर येऊन समोर बसणार, फायली उघडणार आणि प्रश्न विचारणार. पेटी हजारो शेतांवर जाणार असेल तर आत काय आहे हे त्यांना माहीत असायला हवं, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं.

मी नानांच्या देवपूरच्या घरी गेले. ते पलंगावर पालथे, कपाळ दोन हातांवर टेकलेलं. त्यांच्या बायको, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "बोल त्यांच्याशी. भिंतीशी बोलून बोलून कंटाळले ते. भिंत तरी कुठे, फरशीशी."

मी जळगावचं सांगितलं. मग उशीतूनच आवाज आला, "त्यांना रावेर-पारोळा काय कळणार?"

"नाही कळणार."

"हं." ते म्हणाले, "माले तर काहीच दिखत नही. तू वाच. मी सांगस."

अशी सुरुवात झाली. रोज दुपारी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी जायचे, एकेक फाईल उघडून मोठ्याने वाचायचे आणि त्यांना एकच प्रश्न विचारायचे: चिप बदलली तर हा कोड बदलेल का? ते म्हणायचे "नही," तर ती फाईल गाभ्याच्या फोल्डरात. "हो," तर चिपच्या फोल्डरात. कधी म्हणायचे, "चिप नही, पण बोर्ड बदललं तर बदलेल." मोटर चालू-बंद करणारा कोणता रिले कोणत्या पिनला जोडलाय, असल्या गोष्टी. त्यासाठी मी बोर्डांचा वेगळा फोल्डर केला. मॉडेम, ओलाव्याचे सेन्सर, व्हॉल्व्ह चालवणारा कोड, म्हणजे ड्रायव्हर, त्यांचा एक. नोंदी साठवणाऱ्या फाईल सिस्टिमचा एक. अक्षरं जोडणं, आकडे फिरवणं असल्या बारीकसारीक मदतीच्या गोष्टींचा एक.

माझ्या पहिल्या आराखड्यात याच्या दुप्पट फोल्डर होते. जगातल्या मोठमोठ्या कर्नलमध्ये असतात तसे, नेटवर्कचा, सुरक्षेचा, आवाजाचासुद्धा. मी ती यादी वाचून दाखवली तेव्हा उशीतून हसू ऐकू आलं. "व्हॉल्व्ह काय गाणं म्हणेल का? ज्यात काही ठेवायचं नाही तो फोल्डर कशाला?" बरोबर होतं. मी ते सगळे काढून टाकले. फाईल आली की फोल्डर, आधी नाही, हे तिथेच ठरलं.

अक्का येता-जाता ऐकत असायच्या. एकदा मी पारोळा उघडलं आणि त्या दारातून म्हणाल्या, "पारोळानं नाव काढू नका माझ्यापुढे. आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. हे तिकडे पोत्यावर बसलेले." नानांनी उशीत तोंड आणखी खुपसलं. त्याच आठवड्यात शेजारच्या बाईंनी अक्कांना विचारलं, ही मुलगी रोज कशाला येते? अक्का म्हणाल्या, "कर्नलचं काम चाललंय." शेजारीण आपल्या नवऱ्याला सांगत गेली की नानांकडे मिलिटरीचं काम आलंय. दोन-तीन दिवसांनी तो गृहस्थ फळं घेऊन नानांना भेटायला आला आणि जाताना दारात ताठ उभा राहिला. नानांना मान वर करायची मनाई होती, पण त्यांचे खांदे हलत होते ते मला दिसत होतं.

नावांवरून मात्र भांडण झालं. मी पारोळ्याचं नाव मेमरी केलं तेव्हा नाना म्हणाले, "म्हणजे माझं सगळं पुसणार तू."

मला त्याचं वाईट वाटलं. रात्रभर विचार करण्यासारखं काही नव्हतं त्यात, उत्तर तिथल्या तिथे सुचलं. मी म्हटलं, फाईलचं नाव कामाचं राहील, पण पहिल्याच ओळीत लिहू: पारोळा, जिनिंगमध्ये मेमरी संपून यंत्र थांबायचं, म्हणून हा कोड असा आहे. नाना म्हणाले, "वाच परत." मी परत वाचलं. "हां. हे चालेल. कशासाठी लिहिलं ते कळतं." आणि मग प्रत्येक फाईलला ते स्वतःच सांगू लागले, ओळ माझी, आठवण त्यांची. आज त्या ओळी नसत्या तर निम्म्या गोष्टी का केल्यात हे मलाही सांगता आलं नसतं.

सर्वांत अवघड निघाली ती नरडाणा. तिच्यात एका कामाकडून दुसऱ्या कामाकडे वळण्याचा कोड होता. कोणाची पाळी हे ठरवणारा भाग कोणत्याही चिपवर सारखाच चालतो. पण प्रत्यक्ष वळताना चिपची रजिस्टरं उचलून बाजूला ठेवावी लागतात आणि दुसऱ्या कामाची आणून बसवावी लागतात, तो भाग चिपचा. नानांनी दोन्ही एकमेकांत असे विणले होते की एक ओळ इकडची, एक तिकडची.

"तठे हात लावू नको," नाना म्हणाले. "ते फार दिवसांनी जमलंय."

"हात लावल्याशिवाय दोन चिपना एकच गाभा होणार नाही."

"मोडेल."

"मोडलं तर परत आणते. प्रत्येक पाऊल जपून ठेवलंय."

हे मी उगाच म्हणत नव्हते. सगळं हलवताना मी एक शिस्त पाळली होती. आधी फायली फक्त हलवायच्या, आतलं एक अक्षर बदलायचं नाही. मग प्रोग्राम बांधायचा, म्हणजे सगळ्या फायली जोडून चिपमध्ये भरायचा साचा तयार करायचा, आणि तो जुन्या साच्याशी ताडून बघायचा. तंतोतंत जुळला पाहिजे. पहिल्या वेळी तो जुळलाच नाही. अर्धा दिवस मी डोकं खाजवत बसले, फायली तर त्याच होत्या. मग लक्षात आलं की फोल्डर बदलल्यामुळे फायली जोडल्या जाण्याचा क्रम बदलला होता. क्रम जुन्यासारखा करून दिला आणि दोन्ही साचे हुबेहूब निघाले. कारखान्यातल्या आमच्या सोल्डरिंगवाल्या मुलींना मी ते दाखवलं. त्यांना काय कळलं माहीत नाही, पण मी एवढी खूश होते की त्यांनी टाळ्या वाजवल्या.

नरडाण्याला मात्र अक्षरं बदलावी लागणार होती. मी ठरवणारा भाग गाभ्यात ठेवला आणि वळणारा भाग चिपच्या फोल्डरात, जुन्या चिपचा एक आणि नव्या चिपचा एक. मध्ये एकच दार: गाभा म्हणणार "वळ", कसं वळायचं ते चिपचा फोल्डर बघून घेणार. आणि नियम घातला की गाभ्यातल्या कोणत्याही फाईलने चिपच्या फोल्डरात डोकवायचं नाही. डोकावली तर प्रोग्राम बांधलाच जाणार नाही, अशी तजवीजही करून ठेवली.

दोन्ही पेट्या टेबलावर ठेवल्या. जुनी चालू केली, दिवा लुकलुकला, सिरियल पोर्टवर कर्नलचा नेहमीचा निरोप आला. नवी चालू केली. काही नाही. नानांना फोन लावला. त्यांनी विचारलं, "स्टॅक कोणत्या बाजूनं वाढतो तिच्यात?" स्टॅक म्हणजे कामाची अर्धवट माहिती रचून ठेवायची मेमरीतली जागा; नव्या चिपमध्ये तो कोणीकडे वाढतो ते मी बघितलं, आणि एका ओळीत चूक सापडली. ती दुरुस्त करून परत बांधलं. नव्या पेटीने निरोप दिला, मग पहिला व्हॉल्व्ह खटकन उघडला, मग बंद झाला. मी फोन तसाच चालू ठेवला होता. नानांना तो खटका ऐकू गेला. ते म्हणाले, "आता ती वेळमोजणीवाली दुरुस्ती एकदाच कर आणि दोन्हीवर बघ." केली. एकदाच केली, आकडा मुद्दाम भरत आलेला ठेवून चालवलं, आणि दोन्ही पेट्यांनी आकडा शून्यावर आल्यावरही व्हॉल्व्ह वेळेवर बंद केला. सगळ्या कामात मला सर्वांत जास्त आनंद झाला तो याचा.

जळगावची माणसं आली तोवर नानांना बसायची परवानगी मिळाली होती, काळा चष्मा लावून. तिघं होते. त्यांच्यातल्या मोठ्या बाई फारसं बोलत नव्हत्या. मी प्रोजेक्टरवर झाड दाखवलं आणि समजावून सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"सांगू नका. मी शोधते."

त्यांनी माऊस हातात घेतला. "यंत्र अडकलं तर ते आपोआप परत सुरू करणारा वॉचडॉग असेलच ना?" त्या स्वतःशीच बोलल्या. "टायमर चिपचा, म्हणजे इकडे." चिपचा फोल्डर उघडला, फाईल तिथेच होती. "आणि कधी समजायचं की अडकलं, ते धोरण गाभ्यात." गाभा उघडला, तिथेही होती. मग व्हॉल्व्हचा ड्रायव्हर, मग बोर्डाच्या पिना. मला एकदाही विचारलं नाही. शेवटी त्यांनी पारोळ्याची ती पहिली ओळ वाचली, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "बराच जुना कोड आहे ना हा? असा नीट कोणी लावला?"

नाना माझ्या शेजारी बसले होते. मला वाटलं, ते म्हणतील, आमच्या टीमनं. ते म्हणाले, "लिहिला मी. पण मला सोडून कोणालाही न सापडणारा होता. हिनं तो सगळ्यांना सापडेल असा केला. मी तर तेव्हा पालथा पडलो होतो."

सगळे हसले. मीही हसले, पण माझे डोळे भरून आले होते आणि मी प्रोजेक्टरची वायर बघितल्यासारखं केलं.

काम मिळालं. संध्याकाळी मी चाळीसगावला वडिलांना फोन केला. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत आणि आता विहारातल्या मुलांचा अभ्यास घेतात. कर्नल म्हणजे काय ते मी त्यांना याआधीही सांगितलं होतं आणि त्यांनी ते कौतुकाने ऐकून विसरूनही टाकलं होतं. या वेळी म्हणाले, "म्हणजे तू नवीन काही बनवलं नाहीस, होतं तेच लावलंस?"

"हो."

"आणि त्यासाठी तुझं नाव तुझ्या साहेबांनी चारचौघांत घेतलं?"

"घेतलं."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि पलीकडे आईला मोठ्याने सांगताना मला ऐकू आलं, "अगं, पोरीचं नाव निघालं जळगावच्या लोकांपुढे!" आईने विचारलं, कशासाठी? वडील म्हणाले, "ते ती सांगेल. मोठं काम शे."

नानांचा डोळा आता बराच सुधारलाय. तिसरी चिप आली, स्वस्त आणि कमी वीज खाणारी. तिच्यासाठी आम्हाला फक्त चिपच्या बाजूला एक फोल्डर वाढवावा लागला. गाभ्यातल्या एकाही फाईलला हात लागला नाही. तो फोल्डर मी नाही, नानांनी लिहिला. परवा ते माझ्या टेबलाशी आले, हातात चहाचा ग्लास.

"पोरी, पावसाचा सेन्सर आणलाय नवा. त्याची फाईल कुठे ठेवू?"

ज्यांनी कर्नल लिहिला ते मला जागा विचारत होते. मी म्हटलं, "तुम्हीच सांगा, नाना."

ते स्क्रीनकडे वाकले. मग म्हणाले, "ड्रायव्हरमध्ये. आणि पिन कोणती ते बोर्डात."

"बरोबर."

"माहीत होतं मला," ते म्हणाले आणि आपल्या खोलीकडे गेले. थोड्या वेळाने मी सोर्स बघितला. फाईल जिथे हवी तिथेच होती, नाव कामाचं होतं, आणि पहिल्या ओळीत त्यांनी लिहिलं होतं: साक्री, एका बागेत पाऊस पडत असतानाही पेटी पाणी देत होती, म्हणून.